एकतीस डबे

सोमवार, ९ जानेवारी १९८९

आजपासून रोजचं लिहून ठेवणार आहे. उद्या कोणी ‘व्हर्ना स्टोल्प उगाच बोलते’ म्हणायला नको.

कॅसिनोत पत्ते वाटणाऱ्या, दिवसपाळीच्या आम्हा एकतीस डीलरांना आज सकाळी एकेक पत्र्याचा डबा मिळाला. वर फट, खाली कुलूप, बाजूला नंबर. माझा चौदा. टेबलाच्या कोपऱ्यात खाच आहे, तिथे डबा बसवायचा आणि टेबल बदललं की बरोबर न्यायचा. तीन आठवडे ज्याची टिप त्याच्याच डब्यात. मग एकोणतीस तारखेला, रविवारी, मतदान. हीच पद्धत ठेवायची, की पूर्वीसारखं सगळं एका पेटीत टाकून तासांप्रमाणे सारखं वाटायचं, ते तेव्हा ठरेल.

मागणी आम्हीच लावून धरली होती, मी आणि टॅड फेरिसने. टॅड सत्तावीसचा आहे, दात पांढरेशुभ्र, त्याला स्वतःचा फायदा दिसतो. माझं तसं नाही. माझं तत्त्वाचं आहे. रीनोत अठरा वर्षं पत्ते वाटतेय, पैशाची एक चूक माझ्या हातून झालेली नाही. आणि वाटा किती मिळतो? नेस्टर अगबायानीला जेवढा, तेवढाच. नेस्टर साठीचा आहे, हात थरथरतात, म्हणून त्याला स्वतःचं टेबल नाही. आम्ही वीस मिनिटांच्या सुट्टीवर गेलो की तो बदली उभा राहतो आणि गिऱ्हाइकांना आईच्या कोंबड्यांच्या गोष्टी सांगतो. उथळ पाण्याला खळखळाट फार. आयत्या बिळावर नागोबा होऊन किती जण बसलेत, ते आता कळेल.

डबा घेताना नेस्टर म्हणाला, “काय राणीसाहेब, खजिना ठेवायला एवढासा डबा पुरेल ना?”

मी म्हटलं, “तुझा पुरेल. तेवढं बघ.”

हसला. त्याला काही लागतच नाही.

आज डब्यात बावीस डॉलर.

गुरुवार, १२ जानेवारी

मंगळवार-बुधवार माझी सुट्टी, लिहिण्यासारखं काही नाही. आज एकतीस. एका पेटीत होतं तेव्हा दिवसाला पंचावन्न-साठ यायचे. पण सुरुवात आहे. लोकांना अजून कळलेलं नाही की टिप आता थेट माझ्याकडे येते.

हे सांगायची मात्र सोय नाही. टिप मागणं तर सोडाच, सूचकही बोललं तरी नोकरी जाते. आपण फक्त पत्ते वाटायचे. दिलीच कोणी, तर चकती (इथे पैशांऐवजी चकत्याच चालतात) डब्याच्या काठावर ठोकायची, टेबलांवर नजर ठेवणाऱ्या फ्लोअरच्या साहेबाला ऐकू गेलं पाहिजे, आणि मग आत टाकायची. टक्. पूर्वी हा आवाज कोणाच्याही टेबलावरून आला तरी बरं वाटायचं. आता मान वळते. टॅडच्या टेबलावर आज गारा पडल्यासारखा आवाज चालला होता.

शनिवार, १४ जानेवारी

शनिवार असून सदतीस. माझ्या टेबलावर सगळे कोरडे नग आले. सॅक्रामेंटोचा एक जण चारशे जिंकला आणि आभारसुद्धा न मानता उठला. मी त्याला एकदाही चुकीचा आकडा दिला नाही, उगाच तोंड चालवलं नाही, पत्ते सुरीने कापल्यासारखे नीट टाकले. आणखी काय हवं असतं लोकांना?

टॅड कॅन्टीनमध्ये म्हणाला, “व्हर्ना, थोडं हसत जा गं. नाव विचार. कुठून आलात, मुलंबाळं काय करतात, असं काहीतरी.”

“मी पत्ते वाटते, लग्नं जमवत नाही.”

“मग लग्नाचं जेवण मिळणार नाही,” म्हणाला.

दुपारी हसून पाहिलं. समोरच्या म्हाताऱ्याने विचारलं, “दाढ दुखतेय का?”

सोमवार, १६ जानेवारी

रात्रभर बर्फ. डोंगरातला घाट बंद, कॅलिफोर्नियाच्या गाड्या नाहीत, सगळं सामसूम. मी चाकांना साखळ्या बांधून शेजारच्या स्पार्क्स गावाहून आले आणि चार तास रिकाम्या टेबलामागे उभी राहिले.

एक गोष्ट लक्षात आली ती लिहिते. अशा दिवशी साहेबाच्या टेबलावर ‘लवकर घरी’चा कागद ठेवतात. नाव लिहायचं आणि निघायचं. त्या तासांचा पगार नाही, वाटाही नाही. पूर्वी दहा मिनिटांत सात-आठ नावं पडायची. कोणाचं पोर आजारी, कोणाला झोप हवी. जो जाई त्याचे तास वाचत, जो राही त्याला काम मिळे. आज कागद कोरा. एकतीस माणसं अकरा गिऱ्हाइकांकडे बघत उभी. न जाणो, त्यातला एखादा सढळ हाताचा निघाला तर?

मीही गेले नाही. अकरा डॉलर.

शुक्रवार, २० जानेवारी



दुपारी एक बांधकामवाला माझ्याकडे ओळीने सहा डाव जिंकला. चकत्या गोळा करून उठायला लागला. टॅडच्या टेबलावरून टक्, टक् चालूच. माझ्या तोंडून निघून गेलं, “काही लोकांना डीलरची आठवण राहते.”

त्या माणसाने दोन डॉलरची चकती माझ्याकडे सरकवली, भिकाऱ्याला सरकवतात तशी. मी ठोकून डब्यात टाकली. मागे पर्सेल उभा होता.

पर्सेल म्हणजे दिवसपाळीचा मॅनेजर. त्याच्या खोलीत खुर्ची एकच आहे, आणि ती त्याची.

“अठरा वर्षं झाली तुला, व्हर्ना. दुसरं कोणी असतं तर आत्ता घरी असतं.”

“परत होणार नाही, मिस्टर पर्सेल.”

“लेखी ताकीद देतोय. सही कर.” मी सही केली. मग दार लोटून म्हणाला, “एक सांगतो, तुझ्यापाशीच राहू दे. हिवाळा वाईट चाललाय. एक तारखेला दिवसपाळीतून एका माणसाएवढे तास कमी करायचेत. कोणाला काढायचं हा पूर्वी डोक्याला ताप असायचा. आता तुम्हीच यादी करून दिलीत. सत्तावीसला आकडे भिंतीवर लागतील. शेवटचं नाव जाईल. गिऱ्हाइकालाच जो नको, तो मला कशाला?”

म्हणजे नेस्टर. दुसरं कोण असणार? वाईट वाटतं. बायको गेल्यापासून त्याला या जागेखेरीज घर असं नाही. पण मी काही नियम केलेला नाही.

खरं सांगायचं तर केला आहे. मागणी माझीच होती.

घरी येऊन माझ्या आकड्यांची बेरीज केली, आणि जेवले नाही. सत्तावन्नाव्या वर्षी या गावात कोण घेणार मला? समोरच्या रस्त्यावरच्या सगळ्या कॅसिनोंना पंचविशीची पोरं हवीत. मी शेवटची असेन का? छे. नेस्टरला स्वतःचं टेबलसुद्धा नाही. बदलीवाल्याला टिप किती मिळणार!

शनिवार, २१ जानेवारी

दोनशे चौदा!

घाट उघडला, बर्फावर घसरायला आलेले सगळे आत घुसले. माझं टेबल सकाळपासून भरलेलं. कार्सन सिटीच्या मिसेस ऑस्ट्रँडर पण होत्या. विधवा बाई, दर शनिवारी बसने येतात, पाकिटात मोजके पैसे घेऊन. आज मात्र त्यांना पत्ते चांगले पडत होते.

गर्दीत एक गडबड झाली. सुट्टीची वेळ झाली, नेस्टरने खांद्याला हात लावला. मी नेहमीसारखी टाळी वाजवली, तळवे वरच्या कॅमेऱ्याला दाखवले, हातात काही नाही, आणि सरळ चालू लागले. डबा खाचेतच राहिला. कॅन्टीनमध्ये सूप पिताना आठवलं. अठरा वर्षं रिकाम्या हाताने टेबल सोडायची सवय, डबा कसा लक्षात राहणार? वीस मिनिटांत कोण नेतोय म्हणून बसून राहिले.

परत आले तर माझा डबा जागच्या जागी. नेस्टरचा त्याच्या पायाशी जमिनीवर. मिसेस ऑस्ट्रँडर गाल लाल करून हसत होत्या, सगळं टेबल हसत होतं. कोंबड्यांची गोष्ट झाली असणार. नेस्टरने टाळी वाजवली, तळवे दाखवले, आणि स्वतःचा डबा विसरून निघाला. मीच हाक मारून दिला. आम्ही दोघंही म्हातारे झालो.

संध्याकाळी गल्ल्यावर डबा उघडला. दोनशे चौदा. त्यात पंचवीसवाल्या हिरव्या चकत्या सात. हिरव्या कोणी टाकल्या ते आठवत नाही. एवढ्या गर्दीत कोण लक्षात ठेवतं? डबा माझा, नंबर माझा.

टॅडने पाठीवर थाप मारली. “बघ! सांगत होतो ना, हस म्हणून!”

आज मी हसले होते का, तेही आठवत नाही.

सोमवार, २३ जानेवारी

चोवीस डॉलर. शनिवारचा आकडा पुन्हा पुन्हा काढून बघते. चांगलं काम केलं की एक दिवस चीज होतंच.

रविवारच्या सभेत मी बोलायचं असं टॅडने ठरवलंय. “तू बोललीस की म्हातारी मंडळी ऐकतील. तो शनिवार सांग.” भाषण लिहायला बसले. ‘माझ्या डब्यात एका दिवशी दोनशे चौदा डॉलर आले’ या वाक्याशी चार वेळा अडले. अक्षर नीट येत नव्हतं, पेन बदललं.

शुक्रवार, २७ जानेवारी

यादी लागली.

टॅड पहिला, तेराशे. नावं वाचत खाली खाली गेले. माझं नाव लवकर येईल असं वाटलं होतं. येईचना. तिसावं आलं. सहाशे चाळीस. माझ्याखाली एकच नाव, नेस्टर अगबायानी, पाचशे एकतीस.

तिसावी! हवा वाईट, टेबल वाईट, ताकीद मिळाल्यावर मन लागत नाही. कारणं पुष्कळ आहेत. पण यादीवर कारणं लिहीत नाहीत.

नेस्टर चष्मा कपाळावर चढवून यादी वाचत होता. त्याला एवढंच दिसतं की तो शेवटचा आहे. पर्सेल काय करणार, ते त्याला माहीत नाही. म्हणाला, “चला, कोणीतरी जमिनीला टेकलेलं हवं. नाहीतर ही यादी लटकणार कशावर?”

मला हसू आलं नाही. पाचच दिवस उरलेत त्याचे. मी वाचले, याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. पण मी चोरलंय काय?

शनिवार, २८ जानेवारी

मिसेस ऑस्ट्रँडर आल्या. बसायच्या आधी इकडे तिकडे बघत म्हणाल्या, “तो कुठाय गं पोरी? हात थरथरतात तो?”

“बदलीला आहे, तिकडे.”

“त्याचं तोंड बघितल्याशिवाय आज खेळत नाही मी. मागच्या शनिवारी तू चहाला गेलीस आणि त्याने वीस मिनिटांत मला तीन ब्लॅकजॅक दिले, पहिल्या दोन पत्त्यांतच एकवीस! प्रत्येक डावाला त्याच्या नावाने एक हिरवी लावत होते. सात हिरव्या झाल्या. नवरा असता तर त्याने मला घरात घेतलं नसतं.” आणि हसल्या. “विचारलं, काय घेशील एवढ्यात? तर म्हणाला, ‘आम्ही सगळे मिळून बघू.’ गोड माणूस आहे गं.”

मी पत्ते वाटत होते. एक पत्ता उलटा पडला. अठरा वर्षांत पहिल्यांदा. साहेबाला बोलावून डाव रद्द करावा लागला.

सात हिरव्या. एकशे पंचाहत्तर. ते माझ्यातून काढले तर माझे चारशे पासष्ट. नेस्टरचे सातशे सहा. हा हिशोब करायला मला कागद लागला नाही.

आता रात्रीचे किती वाजलेत बघत नाही. खरं लिहिते, कारण ही वही कोणी वाचणार नाही. हिरव्या चकत्या गल्ल्यावर बाहेर आल्या तेव्हाच मला माहीत होतं. प्रत्येक टिप मी स्वतःच्या हाताने ठोकते. सात वेळा पंचवीसची ठोकली असती तर विसरले असते का? मी जाणून घेतलं नाही, एवढंच. आणि आयत्या बिळावर नागोबा म्हणून मी ज्यांची नावं घेत होते, त्यांच्या वाट्यावर अठरा वर्षं मीच बसले होते. दिवसाला पंचावन्न. माझ्या हातची कमाई चाळीसही नाही.

गप्प बसले तर नोकरी माझी. बुधवारी नेस्टर जाईल. तो मला काही म्हणणारही नाही, कारण त्याला माहीतच नाही. हेच सगळ्यात वाईट आहे.

बोलले तर मी शेवटची.

भाषणाचा कागद समोर आहे. देवाशपथ सांगते, मला भीती वाटतेय.

रविवार, २९ जानेवारी

पाळीआधी कॅन्टीनमध्ये सगळे जमले. पर्सेल दाराशी कॉफी घेऊन उभा. टॅड थोडक्यात बोलला, चांगलं बोलला. मग म्हणाला, “आता व्हर्ना. हिचा एकवीस तारखेचा दिवस ऐका.”

मी उठले. कागद बाहेर काढलाच नाही.

“एकवीसला माझ्या डब्यात दोनशे चौदा आले. त्यातले एकशे पंचाहत्तर माझे नाहीत. मी डबा विसरून गेले होते. नेस्टरच्या वीस मिनिटांचे आहेत ते. मला कळलं होतं, आणि मी कळून घेतलं नाही. यादीत शेवटचं नाव माझं आहे. आणि बुधवारी शेवटच्या नावाला काढणार आहेत, हेही मला नऊ दिवसांपासून माहीत आहे. मी कोणाला सांगितलं नाही.”

 पर्सेलचा चेहरा पडला. हातांचं काय करावं ते मला कळेना. आणि मग मी काय केलं, तर टाळी वाजवली, दोन्ही तळवे वर करून दाखवले, टेबल सोडताना दाखवतात तसे. भर सभेत! लाजेने मेले.

मागून कोणीतरी हसलं. नेस्टरच तो.

“अगं बस, बस, राणीसाहेब. कॅन्टीनमध्ये कॅमेरा नाही.”

मी म्हटलं, “तू बोलला का नाहीस? सात हिरव्या माझ्या डब्यात टाकल्यास तू!”

त्याने चष्मा कपाळावर चढवला. विचार करत होता, खरंच. मग म्हणाला, “टाकल्या का? असतील. टिप आली की समोरच्या खाचेत टाकायची. बावीस वर्षं तेच करतोय. खाचेत डबा कोणाचा आहे, ते मी कधी बघितलंच नाही.” आणि वर म्हणाला, “चूक माझीच. कोणाची तरी नोकरी गेली असती की त्यात.”

स्वतःची, हे त्याला अजूनही सुचलं नव्हतं.

चिठ्ठ्या मोजल्या. एका पेटीच्या बाजूने सव्वीस, विरुद्ध पाच. पर्सेल जाता जाता माझ्याजवळ थांबला. “पेटी एक करा नाहीतर दहा. तास कमी करायचे ते करायचेच. उद्या सकाळी माझ्या खोलीत ये.”

बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सोमवार, ३० जानेवारी

पुन्हा बर्फ. घाट बंद. डबा नंबर चौदा गल्ल्यावर परत केला आणि पर्सेलच्या खोलीकडे निघाले. काळा ब्लाउज इस्त्री करून घातला होता, शेवटचा दिवस म्हणून.

पर्सेल खोलीत नव्हता. फ्लोअरवर साहेबाच्या टेबलापाशी कागद हातात घेऊन उभा होता. ‘लवकर घरी’चा कागद. फक्त आजचा नाही, पुरा फेब्रुवारी आणि मार्च. रोजच्या रकान्यात दोन-दोन, तीन-तीन नावं.

“एका माणसाएवढे तास,” पर्सेल माझ्याकडे न बघता म्हणाला. “उलट दोन जास्तच होतायत. तुझ्या टेबलावर जा, व्हर्ना. पाळी सुरू झाली.”

मी कागदाकडे बघत राहिले. पहिलं नाव वाकडंतिकडं, कोंबडीचे पाय उमटावेत तसं. प्रत्येक सोमवारी तेच. टॅडचंही होतं, चार शुक्रवार. जातील तितक्या तासांचा वाटा बुडेल, हे सगळ्यांना माहीत आहे. पोटाला कोणाला नको असतं?

माझं नाव लिहायला गेले तर एकाही रकान्यात जागा नव्हती. समासात लिहिलं.